'एक्स्प्लेन मी' दुरुस्त केले की 'टेल टू मी' उगवते: देण्या-सांगण्याच्या इंग्रजी क्रियापदांतली परत परत येणारी चूक

एका विद्यार्थ्याच्या वहीतली दोन पाने माझ्यासमोर उघडी आहेत. पहिल्या पानावर त्याने 'द मॅनेजर एक्स्प्लेन्ड अस द न्यू रूल्स' असे लिहिले होते. मी लाल शाईने मधला 'अस' खोडून वाक्याच्या शेवटी 'टू अस' लिहिले. आठवड्याभराने लिहिलेल्या दुसऱ्या पानावर ती चूक नाही, पण तिथे 'द मॅनेजर टोल्ड टू अस द न्यू रूल्स' असे वाक्य आहे, म्हणजे मीच शिकवलेला 'टू' नको त्या ठिकाणी जाऊन बसला आहे. संध्याकाळच्या वर्गात नोकरदारांना इंग्रजी पत्रलेखन शिकवताना हा अनुभव मला इतक्या वेळा आला आहे की, ही चूक विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणाची नसून आमच्या दुरुस्त करण्याच्या पद्धतीची आहे, असे माझे मत झाले आहे. आपण एक वाक्य सुधारतो आणि त्यामागचे कारण तसेच राहू देतो.

या चुकीची रूपे अनेक आहेत. 'सजेस्ट मी अ बुक', 'आय आस्क्ड टू हिम', 'ही सेड मी', 'माय फादर बॉट अ सायकल टू मी', 'प्लीज रिप्लाय मी', 'इन्फॉर्म मी द डेट', 'आय वॉज एक्स्प्लेन्ड द प्रोसिजर'. वरवर पाहता या सात निरनिराळ्या चुका वाटतात आणि व्याकरणाच्या वर्गात त्या सात निरनिराळ्या दिवशी शिकवल्या जातात. प्रत्यक्षात त्यांचे मूळ एकच आहे. पुढे वाचण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवावे की, येथे इंग्रजी वाक्ये नागरी लिपीत दिलेली असल्यामुळे त्यांतला 'मी' हा इंग्रजीतला आहे आणि त्याचा अर्थ आपला 'मला' असा आहे. ही केवळ लिपीची गंमत नाही, पुढे तिचा उपयोगही होणार आहे.

बिघाडाचे मूळ: आपला 'ला'

मराठीत 'ला' हा प्रत्यय घरच्या हरकाम्या गड्यासारखा आहे. 'रामला पुस्तक दिले' यात तो घेणारा दाखवतो, 'रामला पाहिले' यात तो सरळ कर्मालाच लागतो, 'पुण्याला गेलो' यात तो जाण्याचे ठिकाण दाखवतो, 'रामला ताप आला' यात ज्याला अनुभव आला तो दाखवतो, आणि 'मुलाला सायकल घेतली' यात ज्याच्यासाठी काम झाले तो दाखवतो. आता या पाच वाक्यांची इंग्रजी रूपे मनात तयार करून पाहावीत. पहिल्यात 'गेव्ह राम अ बुक' म्हटले तर काहीच लागत नाही, दुसऱ्यात काहीच लागत नाही, तिसऱ्यात 'टू' लागतो, चौथ्यात राम स्वतःच वाक्याचा कर्ता होतो, आणि पाचव्यात 'फॉर' चालतो. म्हणजे 'ला' दिसला की 'टू' लिहायचा, हा शाळेत नकळत लागलेला नियम पाचांपैकी एकाच ठिकाणी पूर्णपणे लागू पडतो. 'आय मेट टू हिम', 'कॉल टू मी' आणि 'हेल्प टू मी' ही वाक्ये याच नियमाची अपत्ये आहेत. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते आणि त्याआधीच्या पिढीने ते पाचवीत सुरू केले, पण माझ्याकडे येणाऱ्या दोन्ही पिढ्यांच्या वह्यांत हा 'टू' सारखाच आढळतो, कारण त्याचे मूळ इंग्रजीच्या तासांच्या संख्येत नसून आपल्या मातृभाषेत आहे.

इंग्रजीतही एके काळी असा प्रत्यय होता. जुन्या इंग्रजीत नामांना विभक्तीची रूपे असत आणि 'त्याला दिले' व 'त्याला पाहिले' यांतल्या दोन 'त्याला'ची रूपेही वेगळी होती: घेणाऱ्यासाठी 'हिम' आणि कर्मासाठी 'हिने'. कालांतराने 'हिने' मागे पडले आणि चतुर्थीचे 'हिम'च दोन्ही कामे करू लागले. नामांचे प्रत्यय झिजून गेल्यावर कोण देतो, कोण घेतो आणि काय दिले जाते हे सांगण्याची जबाबदारी दोघांवर पडली: शब्दांच्या क्रमावर आणि 'टू'वर. 'मीथिंक्स' हा आता फक्त जुन्या नाटकांतून भेटणारा शब्द त्या काळचा अवशेष आहे. त्यातला 'मी' चतुर्थीचा असून सगळ्या शब्दाचा अर्थ 'मला वाटते' असाच आहे.

यातून एक उपयुक्त गोष्ट मिळते. इंग्रजी 'मी' किंवा 'हिम' यांत आपला 'ला' आधीच मुरलेला आहे. 'टेल टू मी' म्हणणे हे 'मलाला सांग' म्हणण्यासारखे आहे. वर्गात एवढे सांगितले की लोक हसतात, आणि त्यानंतर 'टेल', 'आस्क', 'कॉल', 'मीट', 'हेल्प' यांच्यामागचा 'टू' बराच कमी होतो. मात्र याच क्षणी 'एक्स्प्लेन मी' पुन्हा डोके वर काढते, म्हणून येथे थांबून चालत नाही.

कोणत्या क्रियापदाच्या पंगतीत दोन पाने मांडलेली आहेत?

'गिव्ह', 'सेंड', 'शो', 'टेल', 'टीच', 'लेंड', 'सेल', 'पे', 'हँड', 'ब्रिंग', 'आस्क' ही क्रियापदे दोन कर्मे शेजारी शेजारी बसवून घेतात: आधी माणूस, मग वस्तू. 'एक्स्प्लेन', 'सजेस्ट', 'डिस्क्राइब', 'डोनेट', 'रिटर्न', 'अनाउन्स', 'डेमॉन्स्ट्रेट', 'से' यांच्या पंगतीत मात्र वस्तूचे एकच पान असते आणि माणसाला 'टू'चा हात धरून मागून यावे लागते: 'एक्स्प्लेन द रूल टू मी', 'सजेस्ट अ बुक टू मी'. 'डिस्क्राइब मी' एवढेच म्हटले तर ऐकणारा तुमच्या नाकाडोळ्यांचे वर्णन करू लागेल.

ही विभागणी मनमानी वाटते, पण तिला इतिहास आहे. दोन पाने मांडणारी बहुतेक क्रियापदे इंग्रजीची घरची, जर्मानिक (जर्मन, डच या भाषांच्या कुळातल्या) मुळाची आहेत. १०६६ साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचमधून, आणि पुढे विद्वानांच्या लेखणीतून थेट लॅटिनमधून, जी क्रियापदे आली त्यांपैकी बहुतेकांनी 'टू'ची रचना घेतली आणि दोन कर्मांची घेतली नाही. त्यामुळे अर्थ जवळजवळ एकच असूनही 'गिव्ह मी बॅक द फाइल' शुद्ध ठरते आणि 'रिटर्न मी द फाइल' खटकते. 'गिव्ह देम मनी' चालते आणि 'डोनेट देम मनी' चालत नाही.

शब्दाचे मूळ कोणी खिशात घेऊन फिरत नाही, तेव्हा कानाची एक खूण सांगतो. क्रियापद एका अवयवाचे (म्हणजे उच्चाराच्या एकाच तुकड्याचे) असेल, किंवा त्याच्या पहिल्या अवयवावर आघात (उच्चाराचा जोर) असेल, तर ते दोन कर्मे घेण्याची शक्यता जास्त. 'गिव्ह', 'सेंड', 'टेल' एका अवयवाची आहेत. 'ऑफर' आणि 'प्रॉमिस' बाहेरून आलेली असली तरी आघात पहिल्या अवयवावर आहे आणि ती दोन कर्मे घेतात. 'एक्स्प्लेन', 'सजेस्ट', 'डिस्क्राइब', 'रिटर्न' यांत आघात दुसऱ्या अवयवावर पडतो आणि ती घेत नाहीत. ही खूण अंदाजासाठी आहे, हुकमासाठी नाही. 'असाइन', 'अवॉर्ड', 'अलाउ', 'रिफ्यूज' आणि 'डिनाय' यांत आघात मागे असूनही 'रिफ्यूज्ड मी परमिशन' अगदी शुद्ध आहे. उलट 'से' एकाच अवयवाचे, अस्सल घरचे, तरीही 'ही सेड मी' होत नाही. आपल्याकडे 'तो मला म्हणाला' आणि 'त्याने मला सांगितले' या दोन्हींत 'मला' असल्यामुळे 'से' आणि 'टेल' यांची गल्लत होते. त्यांच्या जोड्या 'सेड टू मी' आणि 'टोल्ड मी' अशाच पाठ कराव्यात, तेथे तर्क चालवू नये.

नव्याने घडलेल्या क्रियापदांनी मात्र निकाल स्पष्ट दिला आहे. निरोप पाठवण्याच्या साधनावरून बनलेली क्रियापदे 'सेंड'च्या पंगतीला जाऊन बसली: 'ईमेल मी द फाइल', 'टेक्स्ट मी द ॲड्रेस', 'व्हॉट्सॲप मी द फोटो' ही सगळी निर्दोष आहेत, आणि 'ईमेल टू मी द फाइल' ही दुरुस्ती नव्हे, तो बिघाड आहे.

'टू' की 'फॉर'?

'माय फादर बॉट अ सायकल टू मी' हे वाक्य मराठी माणसाच्या हातून हमखास जाते, कारण 'बाबांनी मला सायकल घेतली' यात 'ला' आहे. मात्र आपणच 'माझ्यासाठी सायकल घेतली' असेही म्हणतो, आणि 'मला पत्र दिले' याऐवजी 'माझ्यासाठी पत्र दिले' म्हणत नाही. म्हटले तर अर्थच बदलतो. हीच कसोटी वापरावी. जिथे 'ला' काढून 'साठी' घातले तरी वाक्याचा अर्थ तोच राहतो, तिथे इंग्रजीत 'फॉर' येतो: 'बाय', 'मेक', 'कुक', 'गेट', 'फाइंड', 'बुक', 'ऑर्डर'. जिथे 'साठी' घातल्यावर अर्थ बिघडतो, तिथे 'टू'. यामागचे कारण सरळ आहे. 'देणे' घेणाऱ्याच्या हाती पोचल्याशिवाय पूर्ण होत नाही; 'विकत घेणे' दुकानाच्या काउंटरवरच पूर्ण होते आणि सायकल मुलाच्या हाती जाणे ही पुढची गोष्ट असते. म्हणून 'सेल'ला 'टू' आणि 'बाय'ला 'फॉर'. अर्थात दोन्ही गटांना दोन कर्मे चालतात, त्यामुळे 'बॉट मी अ सायकल' लिहिले की हा प्रश्नच उरत नाही, आणि घाईत असाल तर हीच पळवाट उत्तम.

येथेच आपला 'करून देणे' हा प्रयोग अडवतो. 'मला चहा करून दे', 'मला दार उघडून दे', 'मला फॉर्म भरून दे' या तिन्ही वाक्यांत 'देणे' आहे, म्हणून 'मला' आले. इंग्रजीत 'मेक मी टी' चालते, परंतु 'ओपन मी द डोअर' आणि 'फिल मी द फॉर्म' चालत नाहीत. तिथे 'ओपन द डोअर फॉर मी' असेच म्हणावे लागते. फरक असा की, चहा केल्यावर तो माझ्या हाती येतो, माझ्या मालकीचा होतो. दार उघडल्याने ते माझे होत नाही, फक्त माझी सोय होते. दोन कर्मांच्या इंग्रजी रचनेत पहिल्या पानावर बसलेल्याच्या पदरात काहीतरी पडावे लागते, मग ती वस्तू असो, माहिती असो की वचन असो. म्हणूनच 'आय सेंट पुणे अ पार्सल' विचित्र लागते, कारण शहर पार्सल स्वीकारत नाही. पण बोलणाऱ्याच्या मनात 'पुणे' म्हणजे तिथले कार्यालय असेल, तर तेच वाक्य लगेच चालते.

तिसरी वाट

काही क्रियापदे वरच्या दोन्ही गटांत बसत नाहीत आणि त्यांच्याबाबत कोणतीही कसोटी न लावता ती जशीच्या तशी लक्षात ठेवणे श्रेयस्कर. 'प्रोव्हाइड', 'सप्लाय' आणि 'प्रेझेंट' यांत माणूस आधी आला तर वस्तूपूर्वी 'विथ' लागते: 'प्रोव्हाइड अस विथ द डिटेल्स'. 'मला तारीख कळवा' याचे 'इन्फॉर्म मी ऑफ द डेट' होते. 'त्याने मला पैसे मागितले' याचे 'आस्क्ड मी फॉर मनी' होते. 'फॉर' गाळला तर मागणीचा अर्थच उरत नाही. 'मला उत्तर दे' याला 'आन्सर मी' किंवा 'रिप्लाय टू मी' म्हणावे, आणि प्रश्न विचारताना 'आस्क्ड मी अ क्वेश्चन' म्हणावे, 'आस्क्ड अ क्वेश्चन टू मी' नव्हे. 'मला पाचशे रुपये पडले' आणि 'मला दोन तास लागले' यांत 'कॉस्ट मी' व 'टुक मी' एवढेच, 'टू' कुठेही नाही.

क्रमाच्या आणि गाळलेल्या शब्दांच्या चुका

मराठीत 'मला त्याने पुस्तक दिले' आणि 'पुस्तक त्याने मला दिले' यांत फक्त जोर बदलतो, कारण प्रत्यय शब्दाबरोबर फिरतो. इंग्रजीत प्रत्यय नसल्यामुळे 'ही शोड द बॉय द टीचर' आणि 'ही शोड द टीचर द बॉय' या दोन वाक्यांत कोणी कोणाला पाहिले तेच उलटे होते. दोन कर्मे 'टू'शिवाय ठेवायची असतील तर माणूस आधी, हा क्रम मोडता येत नाही. दोन प्रसंगी मात्र माणसाला 'टू'सह मागे नेणे भाग असते किंवा निदान चांगले असते. एक, वस्तू 'इट' किंवा 'देम' असेल तेव्हा: 'गिव्ह इट टू मी'. ब्रिटनमध्ये बोलताना 'गिव्ह मी इट' आणि उत्तर इंग्लंडात 'गिव्ह इट मी' असेही ऐकू येते, परंतु पत्रात ते लिहू नये. दुसरा प्रसंग घेणाऱ्याचे वर्णन लांबलचक असण्याचा: 'नाशिकहून काल आलेल्या त्या नव्या कारकुनाला' फाइल द्यायची असेल, तर आधी 'गेव्ह द फाइल' म्हणून मोकळे व्हावे आणि मग 'टू' लावून त्या कारकुनाचे सगळे पुराण सांगावे.

याहून जास्त आढळणारी चूक गाळलेल्या शब्दाची आहे. आपण फोनवर 'मला पाठव' एवढेच म्हणतो आणि काय पाठवायचे ते संदर्भावरून समजते. त्याचे 'प्लीज सेंड मी' केले की इंग्रजी वाचक पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो, किंवा तुम्हालाच कुठेतरी पाठवावे असा अर्थ घेतो. 'सेंड इट टू मी' यातला 'इट' ऐच्छिक नाही. 'टेल मी', 'शो मी', 'आस्क मी' यांना अशी अडचण नाही, ही क्रियापदे वस्तूवाचून राहू शकतात.

कार्यालयीन पत्रांतला सर्वांत चिवट प्रकार

महाराष्ट्रातल्या कार्यालयीन मराठीत 'ण्यात आले' या रचनेचे राज्य आहे: मला सांगण्यात आले, मला समजावून सांगण्यात आले, मला सुचवण्यात आले, मला कळवण्यात आले, मला प्रमाणपत्र देण्यात आले. पाचही ठिकाणी 'मला' जागचा हलत नाही, त्यामुळे इंग्रजी कर्मणी प्रयोगातही पाचही वाक्ये एकाच साच्यातून काढण्याचा मोह होतो. तो साचा 'आय वॉज' हा. 'आय वॉज टोल्ड', 'आय वॉज इन्फॉर्म्ड' आणि 'आय वॉज गिव्हन अ सर्टिफिकेट' बरोबर येतात, आणि त्यांच्या जोरावर 'आय वॉज एक्स्प्लेन्ड द प्रोसिजर' व 'आय वॉज सजेस्टेड टू अप्लाय' ही दोन वाक्येही निर्धास्तपणे पत्रात शिरतात. ज्या माणसाला क्रियापदाच्या पंगतीत स्वतःचे पानच नव्हते, त्याला कर्मणी प्रयोगात उचलून कर्त्याच्या जागी बसवता येत नाही, एवढे एकच सूत्र येथे लागते. 'एक्स्प्लेन मी' चुकीचे, म्हणून 'आय वॉज एक्स्प्लेन्ड' चुकीचे. तेथे वस्तूला कर्ता करावे: 'द प्रोसिजर वॉज एक्स्प्लेन्ड टू मी', आणि सुचवण्यासाठी 'इट वॉज सजेस्टेड टू मी दॅट' अशी सुरुवात करून पुढे सविस्तर लिहावे. शंका आली तर कर्मणी वाक्य मोडून आधी कर्तरी वाक्य मनात म्हणून पाहावे. चूक तिथे चटकन ऐकू येते.

उपाय कसा टिकवावा

क्रियापद एकटे पाठ करणे बंद करावे. 'एक्स्प्लेन म्हणजे समजावून सांगणे' अशी वहीतली ओळ निरुपयोगी आहे, कारण मराठी अर्थासोबत मराठी 'ला'ही त्या ओळीतून आत येतो. त्याऐवजी माणूस आणि वस्तू यांच्यासह पूर्ण सांगाडा लिहावा: 'टेल मी द रूल', 'एक्स्प्लेन द रूल टू मी', 'बाय मी अ पेन', 'प्रोव्हाइड मी विथ अ पेन'. परदेशी विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या इंग्रजी शब्दकोशांत प्रत्येक क्रियापदाखाली हा सांगाडा दिलेला असतो. 'समबडी' आधी आहे की 'समथिंग' आधी आहे आणि मध्ये 'टू' आहे की नाही, एवढे तीन शब्द पाहण्यासाठी कोश उघडावा, अर्थासाठी नव्हे. 'टेल' आणि 'एक्स्प्लेन' यांचे सांगाडे समोरासमोर, एकाच पानावर लिहावेत, म्हणजे एकाचा 'टू' दुसऱ्याकडे जाताना दिसतो.

त्या विद्यार्थ्याने आता वहीच्या मागच्या बाजूला अशी दोन रकान्यांची यादी सुरू केली आहे. डाव्या, 'टेल'च्या रकान्यात बावीस क्रियापदे झाली आहेत, उजव्या, 'एक्स्प्लेन'च्या रकान्यात चौदा, आणि 'रेकमेंड' त्याने पेन्सिलीने मधल्या रेघेवर लिहिले आहे, कारण 'रेकमेंड मी अ डॉक्टर' त्याने एका इंग्रज माणसाच्या तोंडून ऐकले होते. मी ते खोडले नाही. या क्रियापदाबाबत खुद्द इंग्रजी भाषकही सैल आहेत. पत्र लिहिताना उजव्या रकान्यातले धरावे, एवढे मी समासात लिहून दिले.